काही लावलंय का?

ज्या तोंडानं मी अख्ख्या कॉलनीला कुत्री कशी स्वच्छ ठेवायची ते सुनावत असते, त्या तोंडातून ही गोष्ट आजवर एकदाही बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीला माहीत नाही — आणि तिला तर सगळ्यांच्या आधी कळायला हवी होती. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांपुढं माझी जीभ अजून उचलत नाही.

आधी माझा राग ऐका. आमच्या समोरच्या घरात लांब केसांचं एक कुत्रं आहे. हौसेनं आणलं, चार दिवस फोटो काढले आणि मग जिन्याखाली बांधून टाकलं. केसांचे गठ्ठे झालेत, कानाला वास येतो, नखं वळून पंजात रुतायला लागलीत. मागच्या महिन्यात मी त्यांच्या फाटकात उभी राहून त्या बाईंना नको नको ते बोलले. रोज घटकाभर कंगवा फिरवायला काय जातं तुमचं? स्वतःच्या केसांना तेल लावायला वेळ मिळतो ना? बाईंनी मान खाली घातली. संध्याकाळी त्यांचे मिस्टर आमच्याकडं आले, अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, गोचिडी लई झाल्यात त्याला. शेतातलं म्हशीचं औषध आणलंय, लावून टाकतो आता."

माझा आवाज असा चढला की शेजारचे बाहेर आले. लावू नका, डॉक्टरकडं न्या, ती बाटली आधी घराबाहेर काढा — काय काय बोलले. ते बिचारे चपापले. "बरं मॅडम," म्हणाले. "पण तुम्हाला कसं ठाऊक?"

कुठंतरी वाचलंय, मी म्हणाले.

कुठं वाचलंय? कुठंच नाही. त्या माणसानं माझ्या शब्दाला मान देऊन दुसऱ्या दिवशी कुत्रं डॉक्टरकडं नेलं, आणि मला स्वतःची अशी चीड आली की मी आत जाऊन उगाचच घासलेली भांडी परत घासली. तिथंही खोटंच बोलायचं? चांगलं काम करतानासुद्धा?

प्रज्ञा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. अकरावीला शिकवणीसाठी ती निलंग्याहून लातूरला आली आणि आमच्याकडं राहिली. लातुरात कुणाच्या घरी बहिणीची, नाहीतर दिराची पोरं शिकवणीला नसतात? पण ही पोरगी एकटी आली नाही. बॅगेसोबत पांढरा, झुपकेदार शेपटीचा टिल्लू आला. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या लपवायचे कष्टही मी घेतले नाहीत. लातुरात राहणाऱ्यांना सांगायला नको — नळ कधी येईल त्यावर आमची धुणी ठरतात, पाहुणे कधी बोलवायचे ते ठरतं. आणि या घरात आता कुत्र्याला आंघोळी?

तशी ती आंघोळ क्वचितच घालायची. आमच्यापेक्षा तिला पाण्याची किंमत जास्त होती. सकाळी शिकवणीला जायच्या आधी पोर्चमध्ये जुना पेपर अंथरायची, टिल्लूला त्यावर उभं करायची. आधी कंगवा — मानेपासून शेपटीपर्यंत, मग उलट. ओल्या फडक्यानं पोट आणि पाय. कान कापसानं, तेही बाहेरून दिसेल तेवढेच. बोटाला मऊ कापड गुंडाळून दात. आणि शेवटी पंजे. एकेक बोट फाकवून बघायची. मी चहाचा कप घेऊन उभी असले की मलाही शिकवायची — "मावशी, बोटांच्या मधी बघावं लागतंय गं. तिथंच लपून बसतेत."

मला हसू यायचं. खरं सांगू? हसू नाही, राग यायचा. घरकाम मला पडायचं आणि ही कुत्र्याच्या बोटांत डोकं घालून बसलेली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. तिच्या वडिलांना ते ऐकूनच कमीपणा वाटायचा. माणसांची डॉक्टर हो, गुरांची कशाला? असं ते फोनवर म्हणाले की मीही इकडून हो ला हो करायची. शाळेत आठवीच्या वर्गात मी सगळे सजीव सारखेच महत्त्वाचे म्हणून शिकवते बरं का. विज्ञान हा माझा विषय आहे. विसरू नका, पुढं लागेल.

ती चुलत भावाच्या लग्नाला निलंग्याला गेली. जाताना दहा वेळा सांगून गेली — त्याला कुठं नेऊ नको, घरीच राहू दे. मी हो म्हणाले. आणि रविवारी त्याला घेऊन रेणापूरला आमच्या शेतावर गेले. हरभऱ्याची रास-मळणी चालू होती, आम्ही दोघंही जाणार होतो, मग एकट्याला घरात कोंडायचं कशाला? हे कारण बरं वाटतं ऐकायला. खरं कारण असं की एका पोरीनं मला माझ्याच घरात सूचना द्याव्यात, हे मला खपत नव्हतं. टिल्लू दिवसभर गोठ्यात होता. म्हशींच्या पायांत, वैरणीत, मजेत. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. शेतावर नेल्याचं पोरीला सांगायचं नाही, असं परत येताना मी नवऱ्याला बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कानामागं गोचिडी दिसल्या. बोटांच्या मध्येही.

प्रज्ञा त्याच संध्याकाळी परत येणार होती. आल्या आल्या ती पंजे बघणार, हे मला ठाऊक होतं. मला त्या पोरीची भीती वाटली. लाज नाही — भीती. ती काही बोलली नसती, नुसतं बघितलं असतं माझ्याकडं. ते नको म्हणून मी घाई केली.

रेणापूरला न्यायची राहिलेली म्हशीच्या औषधाची बाटली कपाटावर होती. गोठ्यात ते कसं लावतात हे लग्न झाल्यापासून पाहत आले आहे. एक झाकण औषध, बादलीभर पाणी. झालं. पण गोठ्यातली बादली विहिरीच्या पाण्याची असते. आमच्याकडं नळ आला नव्हता, टाकी तळाला गेली होती. बादलीभर पाणी कुत्र्यावर ओतायचं? आमच्या हातून ते होतच नाही हो — टाकीत खडखडाट ऐकला की हात आपोआप आखडतो. मी तांब्या घेतला. झाकण तेच, पाणी तांब्याभर. वर असा हिशेब केला की लहान जीव आहे, त्याला तांब्याभर पुरे. पाणी कमी केलं की औषध जहाल होतं, हे आठवीच्या पोराला कळतं. बाटलीवर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. चष्मा आत होता. मी आत गेले नाही.

प्रज्ञाच्याच कंगव्यानं मी ते त्याच्या अंगभर बसवलं. तो शांत उभा होता. कंगवा ओळखीचा होता ना. नंतर धुवायला पाणी घालवायचं नाही म्हणून तसंच वाळू दिलं. तो उन्हात बसून अंग चाटत राहिला.

दुपारी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मग मागचे पाय लटपटले. मग तो कुशीवर पडला आणि सगळं अंग थरथरायला लागलं. मी त्याला चादरीत गुंडाळलं आणि ऑटोनं दवाखान्यात नेलं. इथवरचं तुम्ही माफ कराल कदाचित. अडाणीपणा झाला म्हणाल, होतं माणसाकडून. थांबा.

जनावरांच्या त्या डॉक्टरांची मुलगी माझ्या वर्गात होती. बाकावर आणखी दोन पालक बसलेले, मला पाहून उठून उभे राहिले. डॉक्टरांनी टिल्लूचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "मॅडम, अंगाला काही लावलंय का? फवारलंय का काही?"

मी नाही म्हणाले.

त्यांनी वाकून हुंगलं. "कसला तरी वास येतोय," म्हणाले. "आठवून सांगा. तसं असंल तर त्यावरचं औषध वेगळं असतंय, लगेच देता येतं."

फरशी पुसली होती फिनाईलनं, मी म्हणाले. त्यावर लोळला असेल.

ऐकलंत? त्यावरचं औषध आहे, असं तो माणूस माझ्या तोंडावर सांगत होता. टेबलावरचा जीव श्वासासाठी धडपडत होता. आणि मी काय सांभाळत होते — मॅडम? बाकावरच्या दोन माणसांसमोरची माझी इज्जत? मी सांगितलं असतं तर तो वाचला असता का, मला माहीत नाही. वाचवायचा प्रयत्न तरी झाला असता. डॉक्टरांनी गोचिडीचे डाग पाहिले, गोचिडीचा ताप असेल म्हणाले, सलाईन लावलं. मॅडम खोटं बोलतील असं त्यांच्या मनातही आलं नाही. सलाईन संपायच्या आत टिल्लू गेला.

मी तिथूनच बहिणीला फोन केला. गोचिडीचा ताप झाला, म्हणाले. तेवढं बोलून गप्प बसायचं ना? पण एक वाक्य पुढं जोडलं — परीक्षेच्या नादात पोरीचं लक्ष राहिलं नसेल. हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं मी बोलले.

प्रज्ञा आली ती सरळ पोर्चमध्ये जाऊन बसली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "मावशी, माझ्याकडून राहिली काय गं एखादी?"

आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "हाव गं, राहिली असंल. तू तरी किती बघणार? मनाला लावून घेऊ नको." म्हणजे मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? त्याला मारलं मी, आणि वर तिला मोठ्या मनानं माफ केलं. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली तेव्हा माझ्या हाताला अजून त्या औषधाचा वास येत होता.

पुढं ते वाक्य घरभर चाललं. एक कुत्रं सांभाळता आलं न्हाई, म्हणं जनावरांची डॉक्टर होणार — हे तिच्या वडिलांनी जेवणाच्या ताटावर म्हटलं, पाहुण्यांत म्हटलं. मी समोर असायची. भाजी वाढायची. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही, कारण तिला ते खरंच वाटत होतं. बारावीनंतर तिनं जनावरांच्या डॉक्टरकीचं नावसुद्धा काढलं नाही. आता विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करते आहे. मी मात्र कॉलनीत नावारूपाला आले — भाचीचं कुत्रं गोचिडीनं गेलं तेव्हापासून मॅडम फार काळजी घेतात, असं लोक म्हणतात. कंगवा, कान, नखं, पंजे, जे जे मी त्यांना तोऱ्यात शिकवते ते सगळं तिच्याकडून शिकलेलं. तेही मी तिचं तिला ठेवलं नाही.

या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिला भेटायला गेलो होतो. शेंगदाण्याची चटणी, धपाटे घेऊन. तिथल्या धरणाच्या बाजूला चहाच्या टपरीवर बसलो होतो तर एक पिल्लू शेपूट हलवत सरळ तिच्या पायाशी आलं. कानात गोचिडी होत्या, लांबूनही दिसत होत्या. मला वाटलं ती खाली बसेल. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"तू बघ मावशी," म्हणाली. "मला दिसत न्हाईत त्या."

नवरा चहाचे कप आणायला गेला होता. आम्ही दोघीच होतो. यापेक्षा सोपी वेळ मला कोण देणार होतं? मी खाली वाकले, आणि तिच्या देखत त्या पिल्लाच्या गोचिडी एकेक करून काढल्या. ती जरा लांब उभी राहून बघत होती. "तुला बरं जमतंय," म्हणाली. मी पिल्लाचा दुसरा कान वर केला.

लग्नाला निघाली त्या सकाळीसुद्धा तिनं पेपर अंथरला होता. एसटीची वेळ झाली होती, मी ओरडत होते, तरी तिनं मला जवळ बोलावलं आणि टिल्लूचं एकेक बोट फाकवून दाखवलं. "नीट बघ मावशी. एक पण न्हाई ना?" मी वाकून पाहिलं होतं. एकही नव्हती. तसं मी तिला तेव्हा म्हणालेही होते.

त्यानंतर तिला कधी म्हणाले नाही.