पाला सर

पाला हे पोरांनी ठेवलेलं नाव. पाला सरांबरोबर रस्त्यानं चालणं अवघड होतं. बोलता बोलता ते गायब व्हायचे. मागे वळून पाहावं, तर कुणाच्या तरी कुंपणापाशी एखादं पान न्याहाळत उकिडवे बसलेले. "हं, काय म्हणत होतात?" असं तिथूनच विचारायचे.

जालन्याच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतींचं वर्गीकरण शिकवायचे आणि मी रसायनशास्त्र. सत्तरच्या दशकात पोरांना पेशी आणि संकरित बियाणं हवं होतं, पानं ओळखणं हे म्हाताऱ्यांचं काम झालं होतं. माझ्या वर्गात उभं राहायला जागा नसे, सरांच्या वर्गात कधी कधी ते एकटेच असत. येत्या जूनमध्ये पोरं आली नाहीत तर विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. मी थट्टा केली की सर म्हणायचे, "येतील हो पोरं. झाडं कुठं पळून चालली?"

सर बौद्ध, पूजेअर्चेशी त्यांचा संबंध नाही. तरी त्या गणेश चतुर्थीला जुन्या जालन्याच्या बाजारात उभे राहून ते गिऱ्हाइकांच्या पत्रीच्या जुड्या तपासत होते. शमी म्हणून वेडी बाभूळ खपत होती. विकणाऱ्या बाया जाम वैतागल्या. मी सरांना ओढायला लागलो, तर म्हणाले, "देव तुमचा हो. पण पान चुकलं की मला दुखतं."

तेवढ्यात प्राचार्य आले. त्यांच्या जुडीत दवणा म्हणून घेतलेला पाला होता.

पाला सर म्हणाले, "साहेब, भादव्यात दवणा कुठून आला? हे गाजरगवत हाय. बिलकुल हात लावू नका, खाज सुटंल."

प्राचार्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि घरी जाऊन साग्रसंगीत पूजा केली. विसर्जनापर्यंत त्यांचे हात कोपरापर्यंत सुजले होते. सही करता करता खाजवायचे. ही गोष्ट गावभर झाली, आणि गावातल्या बाया ओळखून घ्यायला पिशव्या भरभरून पाला घेऊन सरांकडे कॉलेजात यायला लागल्या. ती गंमत बघायला पोरं जमायची, ती हळूहळू वर्गातही बसायला लागली. जूनमध्ये विषय बंद करायची गोष्ट प्राचार्यांनी काढलीच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी सर गेले. शोकसभेत शिपायानं त्यांच्या फोटोभोवती पानांचं तोरण लावलं होतं. सगळे स्तब्ध उभे असताना मागून कुजबुज आली, "हा अशोक न्हाई." दुसऱ्या कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "खोटा अशोक हाय."

मी वळून पाहिलं. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, आणि सरांचे सगळे विद्यार्थी फोटो सोडून पानांकडे बघत होते. मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू.