एक्केचाळीस नंबरचा रिपोर्ट

दुसऱ्यांनी टाकलेलं काम आनंदाने उचलणाऱ्या माणसांचा मला राग येतो. त्यांच्यामुळे आपला आळस उघडा पडतो. सीताराम घाडीगावकर हा तसला माणूस.

लालबागच्या चाळीत राहायचा, परळच्या एका इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होता, आणि जन्मापासून आंधळा. मी दादरला बसून मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. फुकट, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं. जुन्या फॉन्टांत टाइप केलेलं मराठी वाचणारं ते तेवढं एकच. त्यामुळे लोक वापरायचे आणि बिघाड कळवायचे. असे सहाशे रिपोर्ट साचले होते. मी नवीन काहीतरी लिहिण्यात दंग. जुनं खरकटं कोण काढणार?

ते सीतारामने काढलं. त्याला प्रोग्रॅमिंगचं ओ की ठो कळत नव्हतं. ड्युटीवरून आला की तो एकेक रिपोर्ट ऐकायचा, तीच गडबड आपल्या कॉम्प्युटरवर होते का ते 'बघायचा' (हा त्याचाच शब्द), आणि नेमकं काय केल्यावर बिघडतं ते मला लिहून पाठवायचा. मी दुरुस्ती केली की रिपोर्ट देणाऱ्याला विचारायचा, "चाललं का?" त्याने 'चाललं' म्हटल्याशिवाय रिपोर्ट बंद करायचा नाही, हा सीतारामचा कायदा. नागपूरच्या एका बाईंच्या 'चाललं'साठी तो पाच महिने थांबला होता.

शेवटी वैतागून मी माझा नियम घातला. ज्या रिपोर्टवर वर्षभर कुणी काही बोललं नाही, तिथे 'अजून अडचण येते का?' असं आपोआप विचारलं जायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिपोर्ट आपोआप बंद. त्या दिवशी सीतारामचा फोन आला. थेट मालवणीतच सुरू झाला, रागावलेला होता.

"माणूस गप रवलो म्हंजे तेचा दुखणा गेला असा नसता रे, उत्तम."

"मग तू उत्तरं आण," मी म्हणालो. पुढे तो लोकांना फोन करकरून उत्तरं आणत राहिला.

माघी गणपतीत त्याच्या मंडळाच्या जेवणाला मी एकदा गेलो होतो. बोटाने पानाची कड चाचपून हा मीठ वाढत होता. तीन वाजले तरी जेवला नव्हता. बस म्हटलं, तर म्हणतो, "वाढपी शेवटच्या पंगतीक बसता." मला तो निव्वळ शिष्टपणा वाटला.

यंदा शिमग्याच्या सुमारास तो गप्प झाला. गावी गेला असेल, मी धरून चाललो. मग एक दिवस आपोआप आलेला निरोप दिसला: एक्केचाळीस नंबरचा रिपोर्ट, तीस दिवसांत उत्तर नाही, बंद.

रिपोर्ट सीतारामचा होता. सात वर्षांपूर्वीचा. 'मोठी फाइल नवव्या पानाच्या शेवटी अडकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.' खाली दरवर्षीचा तो प्रश्न आणि सहा वर्षांची सहा उत्तरं: 'होय, येते.' इतरांचे शेकडो रिपोर्ट त्याने माझ्यापुढे ठेवले, हा एक कधीच नाही.

मी फोन लावला. त्याच्या मुलीने, शेफालीने उचलला.

"काका, बाबांना जाऊन महिना झाला. तुमचा नंबर मला सापडलाच नाही."

फाइलचं विचारलं. तिची आई डीटीपीचं काम करायची. शेवटच्या दुखण्यात तिने नवऱ्यासाठी एक पत्र टाइप करून ठेवलं होतं, तिच्या सवयीच्या जुन्या फॉन्टात.

"मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाले, नवरा-बायकोचा पत्र पोरांनी वाचूचा नसता. नऊ पानं ऐकायचे. मग परत पहिल्यापासून."

मी फोन ठेवला आणि दुरुस्तीला बसलो. वीस मिनिटं लागली. एका ओळीची चूक होती, माझीच. सात वर्षांत मला वीस मिनिटं सापडली नव्हती. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळी लालबागला गेलो. शेफालीने त्याच्या फोटोसमोर कॉम्प्युटर लावला आणि मला थांबायला सांगितलं. नववं पान संपलं. दहाव्यावर जेमतेम चार ओळी होत्या. शेवटची होती: "आणि मंडळाच्या जेवणाला निदान आता तरी पहिल्या पंगतीला बसत जा. तुमच्यासाठी भात झाकून ठेवायला मी नसेन."

शेफाली भिंतीकडे तोंड करून रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली.

घरी येऊन मी तो नियम काढून टाकला आणि एक्केचाळीस नंबर पुन्हा उघडला. खाली लिहिलं, 'दुरुस्त केलंय. चाललं का?' ज्याने रिपोर्ट दिला, त्याने 'चाललं' म्हटल्याशिवाय तो बंद करायचा नाही. तो अजून उघडाच आहे.