अकरा घरांची पत्रं

सातपूरच्या आमच्या कारखान्यात विजेची मोठमोठी स्विचं बनायची आणि मी परदेश विभागात टंकलेखिका होते. विभाग म्हणजे काय, तर एक साहेब, मी, दोन कपाटं आणि टंकलेला मजकूर तारेने दूरवर पाठवणारं एक टेलेक्स मशीन. सत्तर सालानंतर कारखान्याला बाहेरची कामं मिळू लागली, तशी आमची माणसं उभारणीसाठी परदेशी जाऊ लागली. अठ्ठ्याहत्तर साली इराणमध्ये आमचे अकरा जण होते. आतल्या डोंगराळ भागात, बंदरापासून दोन दिवसांच्या रस्त्यावर ते एक सबस्टेशन उभं करत होते.

साहेबांनी मला बोलावलं ते माझ्या वाचनामुळे. आमच्या वसाहतीत विहाराला लागून वाचनालय होतं. शाळकरी वयात मी तिथे म्हाताऱ्या मंडळींना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. कोणती बातमी अर्धीच सांगितली आहे, कोणती कालचीच फिरवून लिहिली आहे, हे ती माणसं लगेच ओळखायची. ती खोड मला लागली होती. साहेब म्हणाले, "बाई, आपली माणसं जिथे आहेत तिथे काय चाललंय, यावर दर सोमवारी मला एक पान लिहून देत जा. दंगा, संप, वादळ, जे असेल ते."

मी तीन वर्तमानपत्रं मागवली, रेडिओ ऐकू लागले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तोंडघशी पडले. राजधानीत मोर्चे निघाल्याच्या, गोळीबाराच्या बातम्या लागोपाठ आल्या. मी लिहिलं, माणसं ताबडतोब बंदरावर हलवावीत. साहेबांनी विश्वास ठेवला. अकरा जण काम टाकून बंदरावर आले आणि नऊ दिवस ट्रंकांवर बसून राहिले. त्यांच्या भागात काहीच झालं नव्हतं. गिऱ्हाईक भडकलं, मुंबईच्या मुख्य कचेरीतून साहेबांना खरमरीत पत्र आलं. त्या अकरांतले उभारणीचे प्रमुख होते, त्यांनी साहेबांना लिहिलं, "सातपूरच्या बाईंना सांगा, राजधानी इथून नाशिक-दिल्लीएवढी लांब आहे."

साहेबांनी ते पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि पुढची फाईल उघडली. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रविवारी मी बस पकडून देवळाली कॅम्पला गेले. प्रमुखांचं घर तिथे होतं. त्यांच्या बायकोची माफी मागायची होती, कारण त्या नऊ दिवसांत ती दोनदा रडत कारखान्याच्या फाटकावर आली होती. ती चहा करायला आत गेली आणि तिचे सासरे माझ्यासमोर येऊन बसले. तोफखान्यातले निवृत्त हवालदार. सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली.

"तोफ कुठं लावलीय ते सगळेच बघतात, पोरी," ते म्हणाले. "तू खेचरं बघ. दाणागोटा कुठं चाललाय, पाणी कुठं चाललंय. आणि गावातली माणसं काय करतात ते बघ. त्यांना आपल्याआधी कळतं."

"पण मला सातपुरात बसून गावातली माणसं कशी दिसणार, बाबा?"

त्यांनी सुनेला हाक मारली. "ती पत्रं आण गं."

निळ्या हवाई पत्रांचा एक गठ्ठा आला. ती लाजून म्हणाली, "वरचा भाग वाचू नका हं." मी वाचला नाही. पण खाली, तब्येत आणि मुलांची शाळा विचारून झाल्यावर, तिच्या नवऱ्याने बरंच काही लिहिलं होतं. पावाच्या दुकानापुढची रांग. रॉकेल दोन दिवसांआड मिळतंय. बँकेतल्या लोकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. कारखान्याला येणाऱ्या टेलेक्समध्ये यातलं अक्षरही नव्हतं. तिथे फक्त "काम वेळेवर चालू आहे" असायचं.

मग मी अकराही घरांची वाट धरली. इंदिरानगर, नाशिकरोड, भगूर, एक घर थेट सिन्नरला. काही जणींनी पत्र दाखवायला साफ नकार दिला. त्यांना म्हटलं, तुम्हीच वाचा आणि मला खाण्यापिण्याचं, रस्त्याचं, बाजाराचं तेवढं सांगा. दोन महिन्यांत त्यांना इतकी सवय झाली, की पत्र आलं की त्या स्वतःच निरोप पाठवायच्या. एकीने तर नवऱ्याला लिहून कळवलं, "बाजाराचं सविस्तर लिहीत जा, बाई विचारतात."

माझं सोमवारचं पान बदललं. राजधानीच्या बातम्या खाली गेल्या आणि पावाची रांग वर आली. पत्र पोचायला पंधरा-अठरा दिवस लागायचे, म्हणून प्रत्येक गोष्टीपुढे ती किती दिवसांची जुनी आहे तेही मी लिहायचे.

दिवाळी होऊन गेली आणि त्र्यंबकेश्वराहून निरोप आला. आमच्या सगळ्यांत तरुण फिटरची आई तिथे देवळाच्या वाटेवर फुलं आणि बेल विकायची. तिला वाचता येत नव्हतं. एरवी पत्र शेजारचे मास्तर वाचायचे, ते गावाला गेले होते. मी तिच्या टोपल्यांमागे पोत्यावर बसून वाचू लागले.

"जेवतो का नाय ते बघ आधी," ती म्हणाली.

जेवत होता. पुढे त्याने लिहिलं होतं, "आमच्या गाडीचा ड्रायव्हर त्याची बायकापोरं डोंगरापलीकडे सासुरवाडीला सोडून आला. स्वयंपाकीही घरच्यांना हलवतो म्हणतो. विचारलं तर नुसता हसतो. आता घाटात बर्फ पडेल. एकदा पडलं की महिना महिना रस्ता उघडत नाही, असं इथले लोक सांगतात."

मी तेवढा मजकूर पुन्हा वाचला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं, बाय? वंगाळ हाय का काय?"

"नाही, मावशी. चांगला आहे तो. मला एवढं उतरवून घेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मी सोमवारची वाट न बघता साहेबांसमोर उभी राहिले. त्यांना म्हटलं, माणसं आत्ता काढली पाहिजेत.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

"आठवतंय. तेव्हा माझ्याकडे फक्त वर्तमानपत्र होतं. आता अकरा घरांची पत्रं आहेत. तिथला माणूस स्वतःची बायकापोरं हलवतोय, सर. आणि हे पत्र सतरा दिवसांपूर्वीचं आहे."

"मोर्चे तर राजधानीतच आहेत अजून."

"मोर्चे पोचेपर्यंत घाट बंद झालेला असेल. मग आपल्याला कळून उपयोग काय?"

"आणि तुम्ही पुन्हा चुकलात तर?"

"तर अकरा माणसं थोडे दिवस आधी घरी येतील. तुम्ही मला नोकरीवरून काढा. पण मी चुकलेली नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, याचं मला आजही नवल वाटत नाही. मला खात्री होती. उन्हाळ्यात तशी नव्हती, तेव्हा नुसती भीती होती. दोन्हीतला फरक मला तोवर कळला होता.

साहेबांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. मुख्य कचेरी म्हणाली, थांबा, आम्ही विचार करून कळवतो. साहेबांनी फोन ठेवला आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "रजा देणं माझ्या अधिकारात आहे. अकरा जणांना घरी यायला रजा मंजूर, असं कळवा."

टेलेक्सवर मराठी अक्षरं नसायची. आम्ही इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचो. मी मजकूर पाठवला. पलीकडून प्रमुखांचा प्रश्न आला, "बाईंचं म्हणणं आहे का?"

मी लिहिलं, होय.

"या वेळी कशावरून?"

मी लिहिलं, "तुमच्या ड्रायव्हरची बायकापोरं कुठे आहेत, त्याला विचारा."

तासाभराने मशीन पुन्हा खडखडलं. "विचारलं. उद्या पहाटे निघतो."

त्यानंतर तीन दिवस मशीन गप्प होतं. खात्री असली तरी जेवण गोड लागत नव्हतं. अकरा घरांना काय कळवायचं, यावर साहेबांशी माझा वाद झाला. ते म्हणत होते, पोचल्यावर सांगू. मी म्हणाले, ज्यांच्या पत्रांवर हे ठरलं त्यांना आधी सांगायचं. शेवटी मीच सांगत फिरले. देवळालीला हवालदारबाबांनी नकाशा मागितला आणि घाट कुठे आहे तेवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी दुपारी बंदरावरून टेलेक्स आला, अकराही पोचले. घाटात बर्फ सुरू झालं होतं. चाकांना साखळ्या बांधून तोच ड्रायव्हर त्यांना उतरवून घेऊन आला होता. त्यांच्यामागून आलेल्या गाड्या परत फिरवल्या गेल्या. आमचे लोक बोटीने मुंबईला उतरले आणि एस.टी.ने नाशिकला आले. पुढच्या काही आठवड्यांत त्या देशात संप पसरला, बँका बंद झाल्या, विमानं थांबली. दुसऱ्या एका परदेशी कंपनीची माणसं त्याच गावात बर्फात अडकून राहिली. ती सुखरूप सुटली, पण हिवाळा सरता सरता.

मुख्य कचेरीने शाबासकी दिली ती साहेबांना. साहेबांनी ते पत्र माझ्या फाईलमध्ये लावलं.

सगळेच खूश होते असं मात्र नाही. मी त्र्यंबकला गेले तेव्हा फिटरची आई माझ्यावर उसळली. "चैतापतुर राहणार व्हता तो! तिकडून पैसा धाडायचा, लग्नाचं बघत व्हते मी. तू त्याला मधीच वढून आणला. तिथं त्याला काय झालं व्हतं?"

"काही झालं नव्हतं, मावशी. म्हणूनच आणला."

तिला ते पटलं नाही आणि मी पटवत बसले नाही. तिचा मुलगा मागे उभा राहून हसत होता. निघताना तिने मला रागारागातच एक फुलांचा हार बांधून दिला.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं मी ते काम केलं. इराक, लिबिया, नायजेरिया, जिथे आमची माणसं गेली तिथलं एक पान दर सोमवारी निघत राहिलं. पुढे हाताखाली दोन मुली आल्या, माझ्या टेबलावर स्वतंत्र फोन आला. वाळूच्या वादळामुळे एक तुकडी मी दहा दिवस मुंबईत थांबवली होती. एका बंदरातला संप मी हेरला, एक मात्र हेरायचा राहिला. त्या चुकीचंही पान मी स्वतःच लिहून दिलं.

नवे कारखाना-व्यवस्थापक आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाई, तुमची पदवी कशातली?"

"मराठी साहित्य," मी म्हणाले.

ते थोडे गोंधळले. मग त्यांनी समोरचं पान उचललं आणि वाचता वाचता विचारलं, "बरं, मग ही तुकडी शुक्रवारी पाठवू की नको?"

"पाठवा," मी म्हणाले. "पण विमान सकाळचं घ्या. दुपारनंतर तिथे वाळू उठते."