पाय आपटणारी नकुशी

नकुशी आली कधी आणि गेली कधी, हे तळेगाव ढमढेऱ्यात कुणाला कळायचं नाही. आठवडे बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसली तरी शेजारीण दचकायची, "अगं बया, तू कवा आलीस?" नकुशीला याचं कौतुकच वाटे. निमोण्याला माहेरी वडिलांचा, तात्याबांचा, डोळा लागला की पोरींनी पाय वाजवायचे नाहीत असा दंडकच होता. चौथीही मुलगीच झाली म्हणून त्यांनी हिचं नाव नकुशी ठेवलं होतं. नको असलेल्या माणसानं निदान आवाज तरी करू नये, हे ती फार लवकर शिकली. लग्न झालं, तर नवरा ईश्वर कुरकुंभच्या कंपनीत रात्रपाळीला. तो दिवसा झोपायचा आणि ही पुन्हा मांजरीच्या पावलानं घरभर.

कंबर धरली म्हणून ती सुलक्षणाताईंनी गावातल्या बायांसाठी काढलेल्या व्यायामाच्या वर्गाला गेली. या ताई जपानात राहून तिथलं जुनं नाटक शिकून आलेल्या. नाटकाचं नाव 'नो'. बायांना आयतंच सापडलं.

"आमच्या नकुशीला 'नो'च भेटायचं व्हतं!"

नकुशीही हसली. हसण्यावारी न्यायची तिला सवय होती.

आणि शिकायचं काय, तर चालायला! कंबर खाली बसवायची, गुडघे सैल सोडायचे, टाच न उचलता पाऊल फळीवरून सरकवायचं. बाकीच्या डुलत होत्या; नकुशी मात्र पहिल्याच दिवशी अशी सरकली की ताई बघतच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "छान. पण श्वास कुठं ठेवलात?"

नकुशीनं शोधला. तो गळ्यातच अडकला होता. खांदे कानांशी आलेले, पायाची बोटं आखडलेली. आपण इतकी वर्षं चालत नव्हतो, अंग चोरत होतो, हे तिला तिथं कळलं आणि तिचं डोकंच फिरलं. फिरायलाच हवं होतं!

हळूहळू श्वास पोटापर्यंत पोचला, कंबरेची कुरकुरही कमी झाली. ताईंनी गावात छोटा खेळ ठरवला आणि मुखवट्याची मुख्य भूमिका तिलाच दिली. त्यात शेवटी एकदाच पाय आपटायचा होता.

"पाय आपटायचा? न्हाई वो ताई. बाईमाणसानं पाय आपटला तर लोक काय म्हंतील?"

तालमीत पाय उचलला जाई, पण खाली येताना कापसासारखा. ताईंनाही काळजी वाटू लागली. "दुसऱ्या कुणाला घेऊ का?" त्यांनी हळूच विचारलं.

"न्हाई," नकुशी म्हणाली. "मीच करनार." स्वतःसाठी काही मागायची तिची ही पहिलीच वेळ.

खेळाच्या दिवशी मंगल कार्यालयात फळ्या टाकल्या. जपानी रीत म्हणून ताईंनी खाली रिकामे रांजण ठेवले होते. ईश्वरनं सासऱ्याला निमोण्याहून आणून पुढं बसवलं. मुखवट्यात कोण आहे, हे मात्र नकुशीच्या सांगण्यावरून त्यांना सांगितलं नाही.

ती आली. सरकत सरकत मधोमध थांबली. मुखवट्याच्या बारीक भोकातून तिला तात्याबांचा फेटा तेवढा दिसला. तिनं पोटभर श्वास घेतला, पाय उचलला आणि आपटला.

खालचे रांजण घुमले. मागं झोपलेलं एक पोर रडत उठलं.

"आयला!" तात्याबा ओरडले. "कुनाची लेक हाय रं ही? काय पाय हाय!"

खेळ संपला. मुखवटा काढून नकुशी खाली उतरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी पावलं वाजवत वडिलांसमोर उभी राहिली. मान खाली नव्हती.

"तुमची, आबा."

तात्याबांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग ते काठी टेकत उठले, मागं वळले आणि अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझी हाय! चौथी!"