उरलेली दोन कडवी

मंडळीत तिला सगळे भाचीबाई म्हणत. कोणाची भाची, हे विचारावं लागत नसे. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे मामा एकच होते, आणि आईविना राहिलेल्या या पोरीला त्यांनीच वाढवलं, हाताला धरून सूर शिकवले. पोरगी हुशार होती. नुसती हुशार असती तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. तिला पुढे जायचं होतं, आणि पुढे जाणं म्हणजे आपल्यापुढे कोणीच उरता कामा नये, अशी तिची समजूत.

मामांचे कान हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची घंटा, मग माणसं. बोटं मात्र शाबूत होती. सगळी गीतं बोटांना पाठ होती. अडचण एकच. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लोक रांगेने वेदीपाशी जात, तोवर गीत चालू ठेवायचं. रांग लांबली तर कडवी पुन्हा म्हणायची, लवकर संपली तर उरलेली सोडून द्यायची. पाळकसाहेबांनी हात वर केला की गाणारे हातातलं कडवं पुरं करून थांबत. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ वेदीकडे, त्यामुळे गाणं थांबलं हे त्याने कानांनीच ओळखायचं. म्हणून बाकावर मामांच्या शेजारी भाचीबाई बसे. ती पानं उलटायला बसते असं लोकांना वाटे. पाळकांचा हात वर गेला की ती मामांच्या कोपराला हळूच बोट लावी. ही खूण घरात तिघांनाच ठाऊक होती, मामा, मामी आणि ती.

मग एका रविवारी बिशप आले. शहरातल्या मोठ्या चर्चला वाजवणारं माणूस हवं होतं, आणि बिशप जातील तिथे कान देऊन ऐकत होते, ही बातमी भाचीबाईला आधीच लागली होती. मामा बाकावर आहेत तोवर आपण पानं उलटणारीच राहणार, हे तिला डाचत होतं. त्या दिवशी रांग लवकर संपली. दोन कडवी उरली होती. पाळकांचा हात वर गेला, गाणारे थांबले. भाचीबाईने आपला हात मांडीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

बिशप प्रार्थनेला उभे राहिले, त्यांनी तोंड उघडलं, आणि मामांनी पुढचं कडवं जोरात उचललं. मान डोलावत, डोळे मिटून, उरलेली दोन्ही कडवी त्यांनी एकट्याने वाजवली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. शेवटचा सूर सोडून मामा वळले, सगळ्यांचे चेहरे त्यांनी पाहिले, आणि मग तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागावले असते तर पुढे तिला झोप तरी लागली असती.

समारोपाचं गीत भाचीबाईने वाजवलं आणि असं वाजवलं की बिशपांनी तिची चौकशी केली. सुंठीवाचून खोकला गेला. मामा त्यानंतर बाकावर बसले नाहीत. पाळकसाहेबांना एवढंच म्हणाले, "वय झालं माझं."

मोठ्या चर्चमध्ये ती कानामागून आली आणि तिखट झाली. तिला तिखट म्हणणाऱ्या दोन जुन्या गायिकांना तिने आवाज थकला म्हणून घरी बसवलं. एक मुलगी तिच्याहून बरी वाजवायची. तिला तिने बाकाजवळ फिरकू दिलं नाही. पुढे जावंसं वाटणं पाप नाही. देवाने बोटं दिली ती झिजवायलाच दिली. पण देवाच्याच घरात शेजारच्याच्या खांद्यावर पाय देऊन वर चढायचं आणि वर बसून त्याचीच स्तुती वाजवायची, याला काय म्हणावं? मला तरी याचीच जास्त भीती वाटते, कारण खरी स्तुती आणि ही स्तुती बाहेरून सारखीच ऐकू येते.

तिला मात्र आणखी काही ऐकू येऊ लागलं. तिथल्या पहिल्याच प्रभुभोजनाला गीत संपलं, तिने बोटं उचलली, आणि गीत चालूच राहिलं. हळू, पण स्पष्ट. एक कडवं, मग दुसरं. तिने दचकून मागे पाहिलं. लोक माना खाली घालून प्रार्थना करत होते. दर वेळी तसंच. ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याने सगळं खोलून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, एकही पट्टी अडकत नाही. तुम्ही जरा विश्रांती घ्या." खाई त्याला खवखवे, दुसरं काय. ती दोन कडवी नेमकी प्रार्थनेवर पडत. इतक्या वर्षांत तिथलं एकही आमेन तिच्या कानी आलं नाही.

ती कधीच वेदीपाशी येत नाही, हे तिथल्या म्हाताऱ्या पाळकांनी हेरलं होतं. एकदा म्हणाले, "ज्याचं काही घेतलंय त्याच्याकडे आधी जाऊन या. वेदी कुठे पळून जात नाही."

"मी कोणाचं काय घेतलंय?" ती ताडकन म्हणाली.

"मला काय ठाऊक? मी सगळ्यांनाच हे सांगतो."

चोराच्या मनात चांदणं. त्याच आठवड्यात मामीचा निरोप आला, मामांचं आता काही खरं नाही. हे असेच गेले तर ती दोन कडवी जन्मभर आपल्या गळ्यात पडणार, या धास्तीने भाचीबाई भरदुपारी धावत गेली.

मामा खिडकीशी पलंगावर होते, वाळून काडी झालेले. तिला पाहून हसले. ती गुडघ्यांवर बसली, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगू लागली. त्यांना कळेना, तशी ती ओरडू लागली. "मामा, मी मुद्दाम बोट लावलं नाही! हात दिसला होता मला! तुमची जागा हवी होती मला!" समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थबकली. मामांनी तिच्या ओठांकडे बघत मान डोलावली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

ती हमसून रडली. मामांना डुलकी लागली. तेव्हा तिने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी होती, हातात ओला पेला तसाच.

"मला म्हणाले होते, पोरीने बोट लावलं होतं, माझंच लक्ष नव्हतं," मामी म्हणाली. "किती बोलले गं मी त्यांना. वाजवताना भान नसतं तुम्हाला, सगळ्या मंडळीत हसं करून घेतलंत, असं म्हणाले मी. उठता बसता बोलले. ते नुसते हसायचे."

"मामी..."

मामीने पेला ठेवला. खिडकी लावून घेतली. स्टूल ओढून ती भाचीबाईच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"ज्याला ऐकू येत नाही त्याला सांगणं सोपं असतं," ती म्हणाली. "मला ऐकू येतं. आता मला सांग. हळू सांग."

भाचीबाईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मामी वाट बघत बसली.