आधी एक मासा जगू दे

चाकणच्या कंपनी बसमध्ये शेजारची बाई मोबाइलवर चक्क आमचा कट्टा वाचत होती! मासे पाळणाऱ्यांचा ऑनलाइन कट्टा. तो चालवणाऱ्यांपैकी मी एक. प्रत्येक फोटो ती दोन बोटांनी मोठा करी आणि खुशीत मान हलवी. पडद्यावर वर ‘पाहुणा’ असं दिसत होतं, म्हणजे ती सदस्य नव्हती. सदस्य वाढावेत म्हणून अशा पाहुण्यांचं वाचन बंद करायचं का, हे त्याच संध्याकाळी आमच्या बैठकीत ठरणार होतं.

“ताई, सदस्य का होत नाही?”

“आधी एक मासा जगू दे की, भाऊ! सगळे मारून कुठल्या तोंडानं येऊ?”

संध्याकाळी बैठकीत मी कडाडून भांडलो. शिकणाऱ्यांना हाकलून कसले सदस्य वाढवता? वाचन खुलंच राहिलं.

परवा बसमध्ये नव्या सदस्याचा पहिला फोटो पाहिला. बरणीत एक मासा, खाली एकच शब्द: “जगला!”

मी आनंदानं ओरडलोच. दोन सीट पुढे ती वळून हसली.