रोजा लागला असंल

जतच्या स्टँडमागच्या गल्लीत रशीदा नदाफचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन बायकांत भांडण जुंपलं की तिसरी म्हणायची, "रशीदाभाबीला इचारा, ती खोटं सांगायची न्हाई." आणि ती खरंच सांगायची नाही. उलट खरं इतकं तोंडावर फेकायची की विचारणारीला पस्तावा व्हायचा. अशा बाईनं उभ्या जन्मात एकच मोठी थाप मारली, तीही नवऱ्याचा जीव टांगणीला लागला असताना.

नवरा बादशहा गाद्या शिवायचा. रमजानमधल्या एका दुपारी तीनच्या सुमाराला कापूस भरता भरता त्याच्या डाव्या हातातून खोळ निसटली आणि तोंडाचा कोपरा जरासा ओघळला. "रोजा लागला असंल," तो अडखळत म्हणाला. उपासानं माणूस असा गळून जातो, हे रशीदानं दरवर्षी पाहिलं होतं.

"आवं, पाणी देऊ का?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. तीस वर्षांत त्याचा एक रोजा मोडला नव्हता. आजारी माणसाला रोजा माफ असतो, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. पण आपण आजारी आहोत हे आधी कबूल तर करायला हवं! रशीदानं त्याला पंख्याखाली निजवलं आणि ती भज्यांचं पीठ कालवायला गेली. पावणेसातला तिनं त्याच्या तोंडात खजूर घातला, तर तो गालावरून खाली आला. डावा हात लुळा पडला होता.

थोरला मुलगा रिजवान साताऱ्यात कारखान्यात कामाला होता. तिनं रडत त्याला फोन लावला. त्यानं पहिलं हेच विचारलं, "अम्मी, कवापास्नं झालंय हे?"

"आत्ताच. रोजा सोडताना."

तोंडातून निघून गेलं. चार तास काय करत बसलीस, असं पोरगा म्हणेल, एवढीच भीती. मग तीच पावणेसातची वेळ रिजवाननं सांगलीच्या दवाखान्यात सांगितली आणि ती कागदावर चढली.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. डॉक्टर मयूरी मॅडमनी मांडीतून बारीक नळी वर नेऊन ती ओढून काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बादशहाचं वय, साखर, मेंदूचा फोटो आणि गुठळी निघेपर्यंत गेलेला वेळ, असं सगळं एकत्र मांडलं आणि म्हणाल्या, "अशा शंभर जणांतले सत्तर जण तीन महिन्यांत आपलं आपण करायला लागतात. हा अंदाज आहे हं, वचन नाही."

बादशहानं त्यातलं 'तीन महिने' तेवढं उचललं. घरी आल्यावर तो रबरी चेंडू डाव्या मुठीत धरून बसायचा आणि चेंडू मांडीवर पडायचा. उजवा हात सुई चालवतो, पण कापड डावाच धरतो, त्यामुळे दुकानाला कुलूपच होतं. "शंभरातले सत्तर बरे हुत्यात आन् मीच न्हाई," तो म्हणायचा. "माझाच आळस नडतोय." शेजारीपाजारी येऊन जोर लावा म्हणून सांगून जायचे. सगळ्यांत जास्त खेकसायची ती रशीदा. "आवं, दाबा की! मनच न्हाई तुमचं!" आणि मग मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडायची. तो हात का उठत नाही, हे जगात एकट्या तिलाच माहीत होतं, आणि तीच त्याला कामचुकार ठरवत होती. तिला स्वतःची किळस यायची, पण सांगायला जीभ काही रेटेना.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला सांगलीला गेली. मॅडमनी हात उचलून पाहिला, जुने कागद उलगडले. "मला वाटलं होतं त्यापेक्षा सुधारणा कमी आहे. व्यायाम होतोय ना?"

बादशहानं मान खाली घातली. शाळेत छडी खाताना पोरं घालतात तशी. "माझंच चुकलं, मॅडम. मी कमी पडलो."

ते मात्र रशीदाला ऐकवेना.

"त्यांचं कायबी चुकलं न्हाई. मी येळ खोटी सांगितली. तीनला झालं हुतं. मी त्यास्नी पंख्याखाली निजवलं आन् भज्याचं पीठ कालवत बसले."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या वेळेवर विसंबून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असतं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकला असता. गुठळी मोठी होती म्हणून थेट काढली, एवढ्यानंच ते टळलं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरी वेळ कळली असती, तर मी सत्तर सांगितलेच नसते. पन्नासच्या आतच सांगितले असते."

रशीदा वाट बघत राहिली. आता हा ओरडेल, सगळ्या दवाखान्यादेखत शिव्या घालेल. घालू दे, तिला तेच हवं होतं.

बादशहा उजव्या हातानं डावा हात कुरवाळत होता. त्याचे डोळे भरून आले. आजारपणात तो एकदाही रडला नव्हता.

"म्हंजी मी आळशी न्हवतो," तो म्हणाला. "व्हय गं? मी आळस केला न्हवता न्हवं?"